पाण्याचा हिशेब, शेततळ्याचा कागद आणि ऊस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गावात पाण्याचा ताळेबंद भिंतीवर रंगवून झाला. कागदावर पाणी उरतं, पण फेब्रुवारीत बोअर गुळण्या टाकायला लागतात. चुकतं कुठे?
– ग्रामपंचायत सदस्य, औसा तालुका (लातूर)

उत्तर : बहुधा जमेच्या बाजूला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या शिवारात 700 मिमी पडला की 7,000 टीसीएम झाले (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). हाच आकडा 'जमा' म्हणून लिहिला, की गाव खूश! पण त्यातला मोठा वाटा खरिपाचं पीक, गवत आणि ऊन घेतं, काही ओढ्याने वाहून जातं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मुरतं ते शंभरातलं सात-आठ, फुटलेला सच्छिद्र थर असला तर बारा-तेरा. अखंड कातळात दोनच्या आसपास. म्हणून आठ टक्के धरा : 560 टीसीएम. भूजल मूल्यांकनात उपसा 70 टक्क्यांच्या आत असला तरच क्षेत्र सुरक्षित मानतात. म्हणजे हाताशी राहिले सुमारे 390.

आता खर्च. दोन हजार माणसं, माणशी रोज 55 लिटर : वर्षाला 40 टीसीएम. सहाशे मोठी जनावरं, प्रत्येकी 60 लिटर : 13. शेतीला उरले 340 च्या आत-बाहेर. मोकाट पाण्यावरचा ऊस हेक्टरी 20 टीसीएमच्या घरात पितो, म्हणजे 17 हेक्टरांत सगळं संपलं. हरभऱ्याला 2.5 धरले तर तेवढ्याच पाण्यावर 136 हेक्टर निघतं. आणखी एक हिशेब फलकावर मोठ्या अक्षरांत लिहायला हरकत नाही : अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी म्हणजे पाच एकर ऊस.

बंधारे आणि पाझर तलावांतला साठा जमेत वेगळा धरा, तोही सप्टेंबरअखेर प्रत्यक्ष मोजून. विहिरी मोजायच्या त्या पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आधी, आणि दर वेळी कठड्यावरच्या एकाच खुणेपासून. पाणलोटाच्या माथ्यावरची, मधली आणि ओढ्याकाठची, अशा पाच-सहा विहिरी पुरेत. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे साधारण 28 हजार लिटर. नुकत्याच उपसलेल्या बोअरची पातळी घेऊ नका, ती फसवते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा निरीक्षण विहिरी मोजते, त्या आकड्यांशी ताडून पाहा. पावसाचा आकडा आपल्या महसूल मंडळाचा घ्या, जिल्ह्याच्या सरासरीचा नको. ताळेबंद 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडला तर उपयोग. डिसेंबरात फलक रंगवून काय करणार? ज्वारी-हरभरा तोवर पेरून झालेला असतो.

प्रश्न : 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं घ्यायचं आहे. तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद कोणता घ्यावा? बोअरने भरलं तर चालेल का?
– शेतकरी, अंबड तालुका (जालना)

उत्तर : एकास एक उताराने (मीटरभर खोलीला मीटरभर आडवं) या मापात सुमारे 22 लाख लिटर मावतं. पण काळ्या मातीत हा उतार टिकत नाही, कड ढासळते. दीडास एक ठेवा, मग 20 लाखांच्या जरा आतच मावेल. कागद 500 मायक्रॉनचा, आयएस 15351 या भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्या. तो फाटतो तो बहुतेक वेळा खालून : राहिलेला दगड, हरळी-लव्हाळ्याचा कोंब, उंदीर. म्हणून तळ आणि बाजू चोपून घ्या, वर चाळलेल्या बारीक मातीचा थर द्या, आणि कागदाची कड काठावरच्या चरात नीट गाडा. पाणी आत सोडणारा पाइप थेट कागदावर सोडू नका. उन्हाळ्यात तळाशी फूटभर पाणी राहू द्या, नाहीतर वारा कागद उचलतो. कुंपण आणि काठाला बांधलेले गाठीचे दोर यात काटकसर नको. ओल्या कागदावरून माणसाला वर येता येत नाही.

बोअरने भरण्याबद्दल : तळं पूर्ण भरलेलं असताना एप्रिलच्या उन्हात रोज 10 मिमी पाणी उडालं, तर 900 चौरस मीटरवरून दिवसाला नऊ हजार लिटर गेलं. जमिनीखाली राहिलं असतं तर ते उडालं नसतं, शिवाय ते शेजाऱ्याच्याही विहिरीचं होतं. ओढ्याचं पाणी गाळ बसवणाऱ्या खड्ड्यातून आत घ्या, किंवा सप्टेंबरात काठोकाठ भरलेल्या विहिरीतून उचला. त्यासाठी नवा खोल बोअर मारू नका. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर शेतीसाठी मनाई आहे. जालन्याच्या कडवंची गावात आधी पाणलोटाची कामं झाली, शेततळी त्यानंतर आली. अनुदानाच्या घाईत हा क्रम उलटा होतो.

प्रश्न : 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तरी मराठवाडा ऊस का सोडत नाही?
– वाचक, परभणी

उत्तर : कारण उसाला ठरलेलं गिऱ्हाईक आहे. एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान भाव, कायद्याने बांधलेली आहे, पैसे 14 दिवसांत द्यायचे असतात. उशीर होतो, पण भाव बुडत नाही. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 मध्ये क्विंटलला 4,892 रुपये होता, आणि बाजारात अनेकांना त्याच्या बराच खाली विकावं लागलं. खरेदी केंद्रावर ओलाव्याची नेहमीची अट 12 टक्के. पावसात भिजलेलं सोयाबीन तिथे परत फिरतं, ते थेट आडत्याकडे. नुसती ऊसबंदी मागणाऱ्यांनी आधी खरेदी केंद्रं वेळेत उघडायला आणि तिथे वाळवणीची सोय करायला लावावी. ठिबकाचंही तसंच. अनुदान देताना उसाचं क्षेत्र बांधून दिलं नाही, तर वाचलेल्या पाण्यावर पुढचा एकर लागतो आणि उपसा आहे तेवढाच राहतो.