लूगानिस परत चढला म्हणून लेकीलाही चढवायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दहा वर्षांची लेक तीन मीटरच्या बोर्डवरून पाठीवर आपटली, आता शिडीपाशी जायलाही तयार नाही, आणि पूलवर कोणीतरी अमेरिकन डायव्हर ग्रेग लूगानिसचं उदाहरण देऊन म्हणालं की लगेच परत चढवा नाहीतर भीती कायमची बसेल. मी रामबागेतून सायकलवर नेहरू पार्कच्या पूलवर जाऊन सात-आठ वर्षं डायव्हिंग केलंय, म्हणून सांगते, ती गोष्ट लोक अर्धीच सांगतात.

1988, सोल ऑलिंपिक. रिव्हर्स अडीच सॉमरसॉल्ट, म्हणजे हवेत अडीच गिरक्या. रिव्हर्समध्ये तोंड पाण्याकडे असतं पण गिरकी उलटी, बोर्डच्या दिशेने येते, त्यामुळे उडी जरा पुढे घ्यावीच लागते, लूगानिसची सरळ वर गेली आणि डोकं बोर्डवर आदळलं. टाके घालून थोड्याच वेळात तो परत आला, पुढची डाइव्ह जबरदस्त मारली आणि दुसऱ्या दिवशी गोल्ड जिंकलं. सगळं खरं आहे, पण तो तेव्हा 28 वर्षांचा होता हो! 1976 मध्ये सोळाव्या वर्षी प्लॅटफॉर्मचं (दहा मीटर उंच, न हलणाऱ्या कट्ट्यावरचं) सिल्व्हर, 1980 चं मॉस्को अमेरिकेच्या बहिष्कारात गेलं, 1984 मध्ये स्प्रिंगबोर्ड (लवचिक फळी) आणि प्लॅटफॉर्म अशी दोन्ही गोल्ड, एवढं सगळं पाठीशी असलेला माणूस शिडी चढत होता. शिवाय आपल्याला एचआयव्ही आहे हे त्याला काही महिन्यांपूर्वीच कळलेलं, जे त्याने 1995 मध्ये जगाला सांगितलं. त्या दिवशी तो आतून किती घाबरला असेल, विचार करा. आणि डोक्याला मार लागल्यावर त्याच दिवशी कुठल्याही मुलाला परत पाठवू नये, हे तर पक्कंच.

मला स्वतःला बाराव्या वर्षी असंच आपटल्यावर दहा मिनिटांत ओरडून परत चढवलं होतं. मी चढले, पण डोळे मिटून उडी मारली आणि परत आपटले, त्यानंतर इनवर्ड डाइव्ह (पाण्याकडे पाठ करून उभं राहून बोर्डच्या दिशेने गिरकी) म्हटलं की पाय थरथरायचे, दोन सीझन वाया गेले, आईला तर मी कित्येक महिने काही सांगितलंच नाही.

चीनची डायव्हर गुओ जिंगजिंग बघा. 1996 अटलांटाला पदक नाही, 2000 सिडनीला दोन सिल्व्हर, मग 2004 आणि 2008 ला स्प्रिंगबोर्डची चारही गोल्ड, दोन सिंगलची आणि दोन सिंक्रोची (जोडीने एकाच वेळी मारायची डाइव्ह). पहिल्या ऑलिंपिकपासून पहिल्या गोल्डपर्यंत आठ वर्षं, तुमच्या लेकीचे तर आत्ता कुठे दोन उन्हाळे झालेत.

आता काय करायचं ते सांगते. आठवडाभर तीन मीटर नकोच. एक मीटरवरून नुसत्या पाय खाली ठेवून उड्या, मग काठावर बसून पुढे झुकत डोकं आधी पाण्यात, हात कानाला चिकटलेले. कोच सरांशी बोला की ती आपटली ते टक (गुडघे छातीशी घेऊन केलेली गुंडाळी) लवकर उघडल्यामुळे की उशिरा, कारण मुलांना आपलं काय चुकलं हे कळलं की निम्मी भीती तिथेच उतरते, आणि हे खरंच उतरताना मी पाहिलंय. शक्य असेल तर ट्रॅम्पोलिनवर पट्टा बांधून तीच गिरकी करून घ्या. शिडी कधी चढायची ते तिला ठरवू द्या, तुम्ही फक्त पूलच्या त्या बाजूला बसा जिथून वर उभी राहिली की तिला तुम्ही दिसाल.