नववा प्रश्न

प्रिय,

आता तू एकट्याने समुपदेशनाची सत्रं घेणार, तर हे पत्र फक्त पहिल्या भेटीपुरतं.

गोपनीयतेची मर्यादा सुरुवातीच्या पाच मिनिटांतच सांग. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाचा छळ होत असेल, तर गोष्ट खोलीबाहेर न्यावी लागते. नवखी माणसं हे पुढे ढकलतात. मग समोरची व्यक्ती मोकळी झाल्यावर नियम निघतो आणि तिला फसवल्यासारखं वाटतं.

पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य किती आहे ते पाहायची प्रश्नावली, भरून घेशीलच. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. गफलत होते ती बेरजेत. बेरीज ६ आली की 'सौम्य' लिहून कागद फाइलला लागतो आणि नवव्या प्रश्नापुढचा १ तसाच राहतो. तो प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही दिसलं, तर व्यक्ती समोर असतानाच बोल.

विचारायचं ते सरळ: "जीव द्यावा असं मनात येतं का?" "तसं काही मनात नाही ना?" हे नको, त्या 'ना'ला 'नाही'च उत्तर मिळतं. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं, तर कसं ठरवलंय, कधी, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झालाय का, हे सगळं विचार.

"असं काही करणार नाही" हे लिहून घेऊ नकोस. त्याने फार तर तुला झोप लागेल. त्याऐवजी तिच्याच शब्दांत सुरक्षा आराखडा कर: धोक्याची चिन्हं, स्वतःला करता येतील अशा गोष्टी, मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा, मदत मागता येईल असे जवळचे लोक, व्यावसायिक मदतीचे क्रमांक आणि साधन दूर करणं. या शेवटच्या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ दे. "गोळ्या घरात ठेवू नका" हे मोघम झालं. कोणाकडे देणार, आज किती वाजेपर्यंत, हे ठरव. त्या माणसाला शक्यतो तिथूनच फोन लावू दे. धोका लगेचचा वाटला तर आराखड्यावर भागवू नकोस. तिला एकटं न सोडता तातडीच्या सेवेकडे ने.

सत्र पन्नास मिनिटांचं असेल, तर चाळिसाव्या मिनिटाला "दहा मिनिटं उरलीत" म्हण. मोठी गोष्ट बहुधा दाराची कडी काढताना निघते.

नोंद त्याच दिवशी. 'उदास वाटली' हा तुझा निष्कर्ष झाला. 'नजर खाली, दोनदा रडली' हे निरीक्षण. आत्महत्येबद्दल विचारलं आणि 'नाही' आलं, तेही लिही. शेवटी सुपरवायझरला किती वाजता कळवलं ती वेळ टाक.