क्रिकटसाठी स्वस्त पाती घेताना

आपल्या क्रिकट एक्सप्लोर या कागद वगैरे नक्षीप्रमाणे कापणाऱ्या यंत्रासाठी स्वस्त पाती घ्यायला हरकत नाही. मात्र किमतीआधी टोकाचा कोन पाहावा आणि पाते आपल्या होल्डरमध्ये, म्हणजे यंत्राच्या पाते धरणाऱ्या भागात, बसते याची खात्री करावी. साधा कागद आणि व्हायनिल (मागे कागद असलेला चिकट प्लास्टिकचा पातळ पत्रा) यांना ४५ अंशांचे पाते पुरते. ६० अंशांचे पाते जाड कार्डासाठी असते. सुरुवातीला मी तेच घाईत मागवले आणि व्हायनिलच्या पाठीमागचा कागदही कापून बसलो. प्रथम मोठे पाकीट न घेता दोनच पाती आजमावावीत.

कागदाची कड फाटू लागली की नवखे लगेच पाते फेकून देतात. त्याआधी ॲल्युमिनियम फॉइलच्या घट्ट गोळ्यात पात्याचे टोक दहा-बारा वेळा टोचावे, म्हणजे अडकलेले तंतू निघतात. कापताना कागद ज्यावर चिकटवतात त्या मॅटचा चिकटपणाच गेला असेल, तर मात्र नवे पातेही कागद ओढतच राहील.