इन्चार्ज झाले, पण आता मला कोणी काही सांगतच नाही

प्रश्न: ताई, मी धुळे जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये सात वर्षं स्टाफ नर्स होते, दोन महिन्यांपूर्वी फिमेल वॉर्डची इन्चार्ज केलं. दोघी माझ्याहून सिनिअर आहेत, तोंडावर हो म्हणतात अन् करतात मनाचंच. मागच्या आठवड्यात एका नवीन मुलीकडून इन्शुलिनचा डोस चुकला, मी राउंडला सगळ्यांसमोर तिला बोलले, तेव्हापासून कोणी मला काही सांगतच नाही. कडक राहू की गोड बोलू?

उत्तर: पोरी, कडक-गोड राहू दे बाजूला. तुझ्या पत्रातलं मला घाबरवणारं वाक्य एकच, "कोणी काही सांगतच नाही". चूक पाच मिनिटांत तुझ्यापर्यंत आली तर शुगर बघता येते, डॉक्टरला बोलवता येतं, ग्लुकोज देता येतं. लपवली तर सकाळी पेशंट बेशुद्ध सापडतो.

तिला ओरडण्याआधी ट्रे बघितला होतास का? इन्शुलिनची ४० ची व्हायल असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, तशी १०० ची पण असते, लाल टोपीची सिरिंज ४० साठी अन् केशरी टोपीची १०० साठी, आता १०० ची व्हायल घेऊन लाल सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं की पेशंटला जातात २५ युनिट. दोन्ही एकाच ट्रेमध्ये असतील तर रात्री तीन वाजता ही चूक तुझ्या सिनिअरकडून पण होईल अन् माझ्याकडून पण. ट्रे वेगळे कर, अन् इन्शुलिन दोघींनी बघितल्याशिवाय द्यायचं नाही.

अन् त्या मुलीची माफी माग, ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोरच. जड जातं, मला माहितीये. मी पण पहिल्या वर्षी असंच एकीला झापलं होतं, पुढचे सहा महिने वॉर्डात काय चाललंय ते मला मावशीकडून कळायचं.

नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांना आठवतो. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ ला, ३८ नर्सेस घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलला गेल्या, पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते मोजणीत, सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त मेले हे त्यांनी आकडे मांडून सरकारला दाखवलं, कोणा एकीवर ढकललं नाही. तू पण एक वही ठेव, होता होता राहिलेल्या चुकांची, नाव न लिहिता. पहिली चूक तुझी स्वतःची लिही.

सिनिअर दोघींचं म्हणशील तर आधी ड्यूटी लिस्ट बघ. दिवाळीच्या नाईट कोणाच्या वाट्याला येतात, मे महिन्यातल्या दुपारच्या ड्यूट्या कोणाला, हे सगळा वॉर्ड मोजत असतो. दोन नाईट स्वतःच्या नावावर लाव. अन् त्यांना येतं ते त्यांच्याकडून घे, बाहेरगावच्या मुलीला आजीबाईचं अहिराणीतलं "मनं पोट दुखस" (माझं पोट दुखतंय) कळत नसेल तर तिला यांच्यासोबत लाव, ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देणं, ते पण टेबलावर बसून नको, बेडपाशी उभं राहून यांनाच द्यायला सांग.

लिस्ट पुढच्या महिन्यापासून बदलली तरी चालेल, ट्रेचं मात्र आजच्या इव्हनिंगच्या आत कर.