नणंदेची स्लीव्ह, तुमची अन्ननलिका

गेल्या दोन महिन्यांत वजनाच्या शस्त्रक्रियांबद्दल इतकी पत्रं आली की यावेळचा सगळा रकाना त्यालाच देतो आहे. पत्रांची सुरुवात बहुधा 'आमच्या ओळखीत एकांनी केली' अशी असते आणि शेवट 'तर मी कोणती करू?' असा. ओळखीतल्या त्या एकांच्या पोटात काय होतं हे पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं, मला तर नसतंच. तरी उत्तरं देतो.

प्रश्न : वय ४४, वजन ९८ किलो, उंची १६० सेंमी. सात वर्षांपासून मधुमेह. नणंदेने स्लीव्ह केली, तिचं वजन ३० किलो उतरलं. मलाही फोनवरच 'स्लीव्ह करून टाका, सोपी आहे' असं सांगण्यात आलं. काहीजण बायपास म्हणतात, काहीजण मिनी बायपास. कोणती करू? छातीत जळजळ होते म्हणून रोज सकाळी अॅसिडिटीची गोळी घेते, बाकी काही त्रास नाही. (मानेवाडा)

उत्तर : पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलीत. रोजची गोळी म्हणजे 'बाकी काही त्रास नाही' नव्हे, ताई.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. आतड्याला हात लावावा लागत नाही, वेळ कमी लागतो, म्हणून 'सोपी'. पण नळी अरुंद झाली की आतला दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. फिनलंडमध्ये २४० जणांची स्लीव्ह आणि बायपास अशा दोन गटांत विभागणी करून दहा वर्षांनी त्यांची एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून आतली तपासणी, केली. अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्क्यांना होती, बायपासवाल्यांत ७ टक्क्यांना.

बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलीची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं कापून तिला जोडतात. आपला कटिंग चहासुद्धा त्यापेक्षा जास्त असतो. जळजळीला आणि मधुमेहाला ही सहसा जास्त मानवते. मात्र लोह, बी-१२, कॅल्शियम यांचा हिशेब जन्मभर ठेवावा लागतो. मिनी बायपासमध्ये आतड्याचा जोड एकच. अमेरिकेत १९९७ मध्ये रॉबर्ट रटलेज यांनी ती सुरू केली आणि आपल्याकडे चांगलीच रुजली. मधुमेहावर तीही चांगलं काम करते, पण पित्त उलट वर येण्याची शक्यता राहते आणि आतडं जास्त वगळलं तर प्रथिनं कमी पडतात. 'मिनी' हे नाव ऐकून तिला छोटी समजू नका.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३८ च्या वर आहे आणि मधुमेह आहे, म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार योग्यच. पण आधी एंडोस्कोपी, मग पोटाची सोनोग्राफी, तीन महिन्यांची साखर, झोपेत घोरणं असेल तर त्याची तपासणी. या सगळ्यानंतर कोणती ते ठरतं. एंडोस्कोपी न करता फोनवर नाव सांगणाऱ्याकडे परत फोन करू नका. नणंदबाईंना मात्र एक विचारा: हल्ली रात्री जळजळीमुळे दोन उशा घेऊन झोपता का?

प्रश्न : वय २५, वजन ६८, उंची १६२ सेंमी. आजार नाही. चार महिन्यांनी लग्न आहे. स्लीव्ह करता येईल का? (काटोल)

उत्तर : नाही. आहारतज्ज्ञांना भेटा. आणि लेहंगा तुमच्या मापाचा शिवा.

प्रश्न : सणाच्या ऑफरमध्ये 'बिना चिरा, बिना दुखणं, पोटात बलून' अशी जाहिरात आली आहे. आजच पैसे भरले तर सूट आहे. खात्रीचं आहे का? (हिंगणा)

उत्तर : बलून म्हणजे पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून जठरात फुगवून ठेवलेला फुगा. ही खरी गोष्ट आहे, फसवणूक नाही. फसवणूक 'आजच' या शब्दात आहे. तो पोटात साधारण सहा महिनेच राहतो आणि त्यानंतर बऱ्याच जणांचं वजन परत येतं. काही ठिकाणी त्याचा चांगला उपयोग होतो, उदाहरणार्थ फार जास्त वजनाच्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेआधी थोडं हलकं करायला. पण सीताबर्डीच्या सेलसारखी पोटातल्या उपचाराला मुदत लावतात तेव्हा मला चीड येते. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: सहा महिन्यांनंतर काय करणार, रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या तर फोन कोण उचलणार, आणि पॅकेजमध्ये वर्षभराच्या तपासण्या आहेत की नाहीत. उत्तरं द्यायला ते कुरकुरले तर तुमची सूट तिथेच वसूल झाली.

प्रश्न : विमा मिळतो का? (उमरेड)

उत्तर : बऱ्याच पॉलिसींत मिळतो. प्रमाणित अटींनुसार वय १८ च्या वर, बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, डॉक्टरांचा सल्ला आणि आधीचे साधे उपाय फसल्याची नोंद लागते. प्रतीक्षा काळ पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका.

प्रश्न : माझ्या यजमानांची स्लीव्ह होऊन सात आठवडे झाले. गेले बारा दिवस पाणीसुद्धा टिकत नाही. जवळच्या दवाखान्यात रोज एक सलाईन लावतात, तेवढ्यापुरती तरतरी येते. ऑपरेशन केलं तिथले म्हणतात पुढच्या तारखेला या. दोन दिवसांपासून पाय लटपटतात, अशक्तपणाच असेल ना? (भंडारा)

उत्तर : पत्राखाली नंबर होता म्हणून त्याच दिवशी फोन केला आणि त्यांना दाखल करायला लावलं. तरी उत्तर इथे छापतो आहे, कारण अशी पत्रं मला फार येतात, आणि उशिरा येतात.

अशक्तपणा नसेल. व्हिटॅमिन बी-१, म्हणजे थायमिन, याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. खाणं आधीच चमचा-दोन चमचे, त्यात उलट्या, मग साठा संपतो. मेंदू आणि नसा साखर जाळायला थायमिन वापरतात. ते नसताना ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर चुलीत लाकूड वाढवलं आणि धुराडं बंद केलं, असं होतं. सुरुवातीला पाय बधिर होतात, मग चाल डगमगते, डोळे नीट फिरत नाहीत, एकाचे दोन दिसतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, जेवण नाही म्हणून ग्लानी आली. यातलं काही नुकसान नंतर भरून येतच नाही.

काही वर्षांपूर्वी एका बाईंना माझ्याकडे आणलं होतं. शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झालेली, उलट्या तीन आठवडे, सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांचा हिशेब मुलाने वहीत लिहून ठेवलेला. एकोणीस. मी समोर एक बोट धरलं. त्या म्हणाल्या, दोन. त्या वहीत थायमिनचं नाव कुठेच नव्हतं. त्या वाचल्या, पण वर्षभराने तपासणीला आल्या तेव्हाही वॉकर होता. त्या औषधाचं इंजेक्शन किमतीने सलाईनच्या आसपासच असतं.

म्हणून हे कापून फ्रिजवर लावा. वजनाच्या कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर उलट्या दोन दिवसांच्या वर चालल्या, तर शस्त्रक्रिया केलेल्या जागी किंवा मोठ्या रुग्णालयात जा. पुढची तारीख असेल तेव्हा असेल. कुणीही सलाईन लावायला आलं की आधी विचारा, 'थायमिन दिलं का?' गावातल्या डॉक्टरांना राग आला तर येऊ द्या, हात जोडून विचारा, पण विचारा. उलट्यांचं कारणही शोधावं लागतं: नळी कुठे आवळली आहे का, पीळ पडला आहे का. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, नाडी मिनिटाला १२० च्या पुढे, यातलं एकही असेल तर टाक्यांच्या रेषेतून गळती होत असू शकते. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही.

प्रश्न : बायपास झाल्यावर खर्रा चालतो का? गुडघ्यांसाठी दुखण्याची गोळी घेतो, ती चालू ठेवू का? (इतवारी)

उत्तर : खर्रा नाही. तंबाखूने जोडावर अल्सर होतो, तो फुटतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन जातीच्या गोळ्याही नाहीत, त्यांनीही तेच होतं. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, पण गुडघ्याच्या डॉक्टरांना बायपास झाल्याचं सांगून लिहून घ्या. खर्रा सुटत नसेल तर शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकला.

प्रश्न : स्लीव्ह होऊन पाच महिने झाले, आता बाळासाठी प्रयत्न करावा का? (वर्धा)

उत्तर : अजून नाही. १२ ते १८ महिने थांबा. वजन उतरलं की दिवस लवकर राहतात, तेव्हा गर्भनिरोधनाचं स्त्रीरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोला.

प्रश्न : बायपास होऊन पाच महिने. वजन २६ किलो कमी झालं, सगळे कौतुक करतात. मला मात्र रोज वाटतं की चूक केली. केस गळतात. लग्नात गेले तर ताटाकडे बघून रडू येतं. परवा संत्रा बर्फीचे दोन तुकडे खाल्ले तर घाम फुटला, छाती धडधडली, तासभर पडून राहिले. घरी सांगितलं तर म्हणतात, एवढा खर्च केला आणि आता रडतेस. हे उलटं करता येईल का? (सक्करदरा)

उत्तर : बर्फीचं आधी. गोड झपकन आतड्यात उतरलं की असं होतं, त्याला डम्पिंग म्हणतात. हार्ट अटॅक नव्हता. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि बहुतेकांचे परत येतात, पण प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या वर जातात का, लोह, बी-१२, थायरॉइड ठीक आहे का, हे या आठवड्यात तपासा.

आता खरा प्रश्न. बायपास तांत्रिकदृष्ट्या उलटा करता येतो, पण ती पहिल्यापेक्षा अवघड आणि जास्त जोखमीची शस्त्रक्रिया आहे. पोषण अगदीच ढासळलं किंवा असंच मोठं वैद्यकीय कारण असेल तरच आम्ही तिकडे वळतो. (स्लीव्ह तर उलटी होतच नाही, काढलेलं जठर बादलीत गेलेलं असतं. हे शस्त्रक्रियेआधी याच शब्दांत सांगायला हवं, आणि पुष्कळदा सांगितलं जात नाही.) पाचव्या महिन्यातल्या पश्चात्तापावर असा निर्णय घेऊ नका. या काळात तो फार जणांना होतो आणि पुष्कळांचा वर्षाच्या आत ओसरतो.

पण 'ओसरेल' म्हणून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. आम्ही सर्जन आकड्यांत रमतो. इतवारीतले एक दुकानदार तपासणीला आले होते, वजन ४१ किलो उतरलेलं. जाता जाता म्हणाले, 'रविवारी सावजीत आम्ही चौघं मित्र जायचो. आता तिघं जातात.' मी हिमोग्लोबिन बघत 'छान, छान' म्हणालो. वाक्य मला वर्धा रोडच्या सिग्नलवर कळलं, तोवर ते घरी पोचले असतील. जेवण म्हणजे नुसतं पोट नसतं. लग्नातला आग्रह, आईचं 'अजून एक घे', दुःखात खाल्लेली भजी, हे सगळं एका सकाळी भूल देऊन काढून घेतलं जातं, आणि घरचे वजनकाट्याकडे बघून पेढे वाटतात. त्याचं दुःख करायची मुभा तुम्हाला आहे. पुढच्या भेटीला यजमानांना सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर हेच वाचून दाखवा.

आणखी एक. शस्त्रक्रियेनंतर काहींचं नैराश्य खोल जातं, काहीजण दारूकडे वळतात, आणि बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. १४४१६ ही सरकारची टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा, मराठीतही बोलते. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही.

प्रश्न : आता इंजेक्शनं आली आहेत, मग ऑपरेशन कशाला? (धरमपेठ)

उत्तर : टिर्झेपेटाइड, सेमाग्लुटाइड ही २०२५ मध्ये आपल्याकडे वजनासाठी आलेली औषधं चांगली आहेत, काहींची शस्त्रक्रिया टळेलही. पण बंद केली की वजन बहुधा परत चढतं, म्हणजे खर्चाचा हिशेब वर्षांचा करा. बीएमआय ४५ आणि अनियंत्रित मधुमेह असेल तर अजूनही शस्त्रक्रियेचं पारडं जड. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून मित्राच्या मापाने टोचून घेऊ नका. असे तिघे याच महिन्यात आले.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी स्लीव्ह, आता १४ किलो परत चढले. दुसरीकडे विचारलं तर लगेच रिव्हिजन, म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया, करू म्हणतात. करावी का? (कोराडी रोड)

उत्तर : लगेच नाही. थोडं वजन परत येणं अपेक्षितच असतं, १४ किलो त्याहून जास्त आहे. कारण शोधायला हवं: नळी सैल झाली, जळजळ सुरू झाली, की दिवसभर चहा, ज्यूस, फरसाण असं निसटतं खाणं वाढलं? निसटत्या खाण्यावर दुसरी शस्त्रक्रियाही हरते. आठवडाभर जे तोंडात जाईल ते लिहा, चहातली साखरही. एंडोस्कोपी करून घ्या. शेवटची बी-१२ आणि लोहाची तपासणी कधी केली तेही शोधा. पत्रात तुम्ही 'पहिल्या वर्षानंतर गेलो नाही' असं लिहिलं आहे, म्हणजे तीन वर्षांचे रिपोर्ट नाहीत. ते सगळं घेऊन मूळ सर्जनकडे जा. ते शहर सोडून गेले असतील तर दुसऱ्याकडे, पण पहिल्या शस्त्रक्रियेची फाइल सोबत हवीच.