खडूची खूण

तुझा मेसेज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आलेला. मी पहाटे पाचला वाचला आणि पहिलं मनात आलं ते हे की पोरगं अजून झोपलेलं नाही.

"काका, सगळा बॅलन्स गेलाय. तुम्ही रोज टेकडीवर जाता, काहीतरी सांगा." आणि सोबत एक्सेल शीट. अकरा ओळी. हिमालयातला ट्रेक, दहा दिवसांचं मौन, कोकणात महिनाभर घर, बर्फाच्या पाण्याची अंघोळ, शेवटच्या ओळीत नोकरी सोडणं. प्रत्येकापुढे खर्च आणि 'अपेक्षित फायदा'. खर्चाचा रकाना नीट भरलायस, त्याचं कौतुक. बाकी शीट पुसून टाक.

एक कंटाळवाणी गोष्ट आधी उरकतो. मध्येच चक्कर येते असं लिहिलंयस, ती डॉक्टरांना दाखव, रक्त तपासून घे. टेकडी म्हणजे दवाखाना नव्हे.

आता मुद्द्याचं. एक जागा धर आणि ती बदलू नकोस. मला दुसरं काही सांगायचं नाही. पुढे जे लिहीन ते याचंच पाल्हाळ आहे.

मी पिंपरीत चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकोणीस बॅलन्सिंग मशीनवर. 'बॅलन्स' हा शब्द तू मेसेजमध्ये पाच वेळा वापरलास, मी त्या शब्दावर पोट भरलंय. रोटर, म्हणजे यंत्रातला गरगर फिरणारा भाग, दोन आधारांवर ठेवायचा, फिरवायचा. एका बाजूला कणभर जरी जड असला तरी थरथरतो. जड बाजू शोधायची, तिथं ड्रिल मारून धातू काढायचा, कधी चार ग्रॅम, कधी अर्धा, आणि पुन्हा फिरवायचा. उभा असताना समतोल वाटणारा रोटर फिरायला लागला की थरथरतो, हे नव्या पोरांना कधी पटायचं नाही. तुझं ते दहा दिवसांचं मौन म्हणजे उभा रोटर. आत शांत वाटेलच रे, कोणालाही वाटेल. अकराव्या दिवशी भूमकर चौकात सव्वा तास अडकल्यावर काय होतं ते मला सांग.

पण खरी गोम वेगळीच होती. शाफ्टवर आम्ही खडूनं एक रेघ मारायचो. जुन्या मशीनला स्ट्रोबचा दिवा असायचा. तो दर फेरीला एकदा लखलखायला लागला की हजार फेऱ्यांनी फिरणारी ती रेघ जागच्या जागी उभी दिसायची, जणू शाफ्ट फिरतच नाहीये. त्या रेघेवरून जड बाजू कळायची. रेघ पुसली गेली की थरथर किती आहे ते काटा दाखवायचा, पण काढायचं कुठून ते कळायचं नाही. तुझ्या मनगटावरचं घड्याळ तेच करतंय. झोप बेचाळीस टक्के, ताण अमुक तमुक. थरथर दिसतेय. रेघ नाहीये.

रोज तीच वेळ, तीच वाट, तेच झाड, ही तुझी रेघ. जागा बदललीस की रेघ पुसलीस.

माझं झाड सळईचं आहे, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर. तिथं वर्षानुवर्षं लावलेला गिरीपुष्प बोकाळलाय, त्यामुळे मूळची झाडं शोधावी लागतात. सळईची साल कागदासारखी पातळ सुटते. तुकडा बोटात चुरगाळून पाहा, बोटांना राळेचा वास राहतो. २००९ च्या मार्चमध्ये मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. फांद्या नागड्या, एक पान नाही. मी बरोबरच्या गृहस्थांना ठामपणे सांगितलं, हे मेलंय, कापायला हरकत नाही. इंजिनिअर माणूस, मत द्यायला वेळ लागत नाही. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर गेलो तर तेच झाड पोपटी पालवीनं भरलेलं. मेलं वगैरे काही नव्हतं. पानातून पाणी उडतं, उन्हाळ्यात पानं सांभाळणं त्याला परवडत नाही, म्हणून ते ती टाकून देतं आणि खोडावर दिवस काढतं. मी एकच रीडिंग घेतलं आणि निकाल लिहून मोकळा झालो.

तूही तेच केलंयस. या मार्चमध्ये तुझं अप्रेजल वाईट गेलं, त्यात ते लग्नाचं फिसकटलं, आणि तू स्वतःच्या नावापुढे 'बर्नआउट' लिहून टाकलंस. एका मार्चवरून! मला राग येतो. तुझा नाही, म्हणजे थोडा तुझाही.

रात्रीचं सांगतो, कारण तुझी अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट ही सगळ्यात जड बाजू आहे, असा माझा अंदाज. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकनांना मिळालं, ते पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटांवरच्या कामासाठी. पेशीत एक प्रथिन रात्री साचत जातं, दिवसा मोडत जातं, आणि हा फेरा साधारण एका दिवसाचा असतो. आपल्यातही असंच घड्याळ आहे. ते बरोब्बर चोवीस तासांचं नसतं, रोज थोडं सरकतं, आणि सकाळचा उजेड डोळ्यांतून आत जाऊन ते रोज जुळवून देतो. रोज, हे लक्षात घे. महाबळेश्वरला दोन दिवस जाऊन पुढच्या महिन्याचं घड्याळ जुळत नाही. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड ऑफिसातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. शिफ्ट बदलून मागच. नाही मिळाली तर काय करायचं, हे मला सांगता येणार नाही, कारण मला ते कधी जमलं नाही.

जमलं नाही ते असं. तिसरी पाळी करून १९९६ च्या डिसेंबरात सकाळी स्कूटरवरून घरी येत होतो. दापोडीला हॅरिस पुलावर डोळा लागला. क्षणभरच असेल. कठड्याला घासून पडलो, गळ्याजवळचं हाड मोडलं. मागून ट्रक येत नव्हता, इतकंच. आठ आठवडे हात गळ्यात. नववा आठवडा लागला आणि मी परत तिसरी पाळी मागून घेतली, कारण तिला भत्ता होता. लोकांना वाटतं मला पैशाचा लोभ होता. या दोन खोल्या त्याच पैशावर उभ्या आहेत, आणि त्या वेळी बँकेचा हप्ता कोणाच्या काकांनी भरला नव्हता. तरी तुला खरं सांगतो, ती पाळी पैशासाठी पहिली चार वर्षंच होती. पुढची सात सवयीची. घरी सगळे जागे असताना मी झोपलेला, हे मला सोयीचं वाटायला लागलं होतं.

टेकडीवर गेलो तोही आधी तसाच. चढायला किती मिनिटं, उतरायला किती, डायरीत नोंदी. म्हणजे ओव्हरटाइमच, फक्त मोकळ्या हवेतला. गुडघा धरला तेव्हा नाइलाजानं एका दगडावर बसलो. समोर ती सळई होती. यात निवड वगैरे काही नव्हती, गुडघा तिथं दुखला म्हणून.

तूही झाड निवडत बसू नकोस. तुला मी ओळखतो, तू त्याचीही शीट करशील. पत्रकारनगरच्या बाजूनं चढ, दम लागेल तिथं थांब, समोर जे असेल ते तुझं. फोन खिशात. घड्याळ घरी. मुरमावर पाय सरकतो, सरकू दे. एका पायावर उभा राहून बघ, घोटा सारखा इकडून तिकडे हलत असतो. कान, डोळे, तळवा मिळून क्षणाक्षणाला तुला सावरत असतात. हलायचा थांबलास की पडलास. वीस मिनिटं बस. कंटाळा येईल, दुसऱ्या आठवड्यात तर फार येईल. तेव्हा तुला वाटेल आज जरा तळजाईला जाऊ, परवा पर्वती करू. नाही. तिथेच.

मुलगी मला दोन वर्षं बंगळुरूला बोलावतेय. मी जात नाही. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, एका झाडासाठी?" मी म्हटलं, हो. ती गप्प झाली. तिच्या बाजूनं विचार केला तर ते कसं ऐकू आलं असेल ते मला कळतं. लहानपणी मी झोपलेला असायचो आणि आता टेकडीवर असतो. पण एकदा कुठेतरी रेघ मारली की ती पुसून दुसरीकडे मारायला या वयात हात धजत नाही. याला तू हट्ट म्हण. तिला मी अजून नीट समजावू शकलेलो नाही. कदाचित तुला लिहिताना तिलाच लिहितोय.

असो. मे आहे, सगळं करपलेलं दिसेल. वाळल्या गवताला कुठे कुठे आग लागून गेलीये, काळे पट्टे दिसतील. अशातच सुरू कर, पावसाची वाट बघू नकोस. हिरवळ बघून सुरू करणारे ऑगस्टपर्यंत टिकतात.

माझ्याबरोबर येऊ नकोस. दोघे असलो की आपण इलेक्शनवर बोलू. आणि तुझ्या आईचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिलाय, संध्याकाळी घेऊन जा. सातच्या आत ये, मी नऊला झोपतो.