दहीभात पास कसा झाला?

"मॅडम, नक्की काय खाऊ ते एकदा लिहून द्या."

आयबीएसचा (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामात बिघाड होऊन वारंवार पोट बिघडण्याचा) त्रास असलेलं माणूस समोर बसलं की पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत हे वाक्य येतंच. मग तो हिंजवडीतला आयटीवाला असो, मार्केट यार्डातला व्यापारी असो, नाहीतर स्पर्धा परीक्षांसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा. पोटाच्या डॉक्टरांनी औषधं देऊन 'ताण कमी करा' म्हणून माझ्याकडे पाठवलेलं असतं. नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी सल्ल्यांचा ढीग घातलेला असतो. मी समुपदेशक आहे, आहारतज्ज्ञ नाही, हे मी पहिल्यांदाच सांगते. तरी यादी हवी असतेच. ती मी का देत नाही, हे एका बाईंच्या गोष्टीवरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या शिक्षिका. मुलं बाई म्हणतात, मीही इथे बाईच म्हणते. चाळिशीच्या आतल्या. घर धायरीला, शाळा पेठेत, सकाळची. पोटात कळ, तीन-तीनदा पळावं लागणं, मग दोन दिवस काहीच नाही, फुगलेलं पोट, असं बरेच दिवस चाललेलं. रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सगळं होऊन रिपोर्ट नॉर्मल.

"नॉर्मल आहे म्हटल्यावर मला रडूच आलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी काय नाटक करते?"

नाही. आयबीएसमध्ये आतड्याला जखम किंवा सूज दिसत नाही, म्हणून रिपोर्ट स्वच्छ येतात. बिघडलेली असते ती आतड्याची हालचाल आणि आतडं-मेंदू यांच्यातली देवाणघेवाण. इतरांना जो गॅस जाणवतही नाही, त्यानं यांना कळ येते. ती कळ खरीच असते. निदानाचे जगभर वापरले जाणारे निकषही आहेत, 2016 साली सुधारलेले: गेले 3 महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटदुखी, तिचा शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या सवयीशी संबंध, आणि त्रास सुरू होऊन किमान 6 महिने झालेले. म्हणजे 'काहीच सापडलं नाही म्हणून मनाचा आजार' असा हा प्रकार नव्हे. हे ऐकून काही जणांचा निम्मा ताण तिथेच उतरतो. बाईंचा उतरला नाही. त्यांनी पिशवीतून वही काढली.

शंभर पानी वही, समास आखलेला. डावीकडे पदार्थ, उजवीकडे शेरा. लाल शाईत. कांदा नापास, लसूण नापास. दूध, पोळी, तुरीची आमटी, हरभरा, फ्लॉवर, बटाटा, शेंगदाणे, सगळी फळं नापास. पास झालेले एवढेच: दहीभात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी. आणि चहा, कारण चहाची कुणी परीक्षाच घेतली नव्हती. वजन उतरलेलं. डॉक्टरांनी त्याचाही तपास केला होता. खाणंच कमी झालंय, याशिवाय कारण सापडलं नव्हतं.

मी वही उलटत गेले. "पोहे नापास का?"

"मंगळवारी खाल्ले, आणि बसमध्येच कळ. वडगाव पुलापाशी उतरून हॉटेल शोधायला लागलं."

"खाल्ल्यावर किती वेळानं?"

"पंधरा मिनिटं असतील."

खाल्लेलं अन्न पंधरा मिनिटांत मोठ्या आतड्याच्या टोकाला पोचत नाही. त्याला कित्येक तास लागतात, बाहेर पडायला बहुधा दिवसाहून जास्त. मग कळ कशाची? पोटात काहीही पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, सकाळी जास्तच. आयबीएसमध्ये ही हालचाल जोराची होते, किंवा जोराची जाणवते. तेलकट किंवा भरपेट खाल्लं तर आणखी. म्हणजे त्या मंगळवारी पोह्यांऐवजी उपमा असता तरी बाई बहुधा वडगाव पुलापाशीच उतरल्या असत्या. मी एवढंच विचारलं, "रविवारी पोहे करता का?"

"करते ना. सासूबाईंना आवडतात." मग थांबून, "रविवारी नाही होत काही."

असं सापडलं की समोरचा लगेच म्हणतो, "म्हणजे सगळं टेन्शननंच होतं तर." तेही अर्धवटच. कांद्यानं गॅस होतो तो रविवारीही होतो. पण बाईंच्या वहीत रविवार आणि मंगळवार असा रकानाच नव्हता. रात्री झोप किती, सकाळी रिकाम्या पोटी चहा किती, जेवण किती घाईत, पुढच्या दोन तासांत संडासला जाता येईल की नाही, यातलं काही नव्हतं. होता तो फक्त पदार्थ.

पुढच्या काही भेटींत आम्ही हे रकाने भरत गेलो. त्यात जे दिसलं ते दिसलं. पण कोंडी फुटली ती दुसऱ्याच प्रश्नानं. बाई परत म्हणाल्या होत्या, "मला खात्रीचं खाणं पाहिजे. ज्यानं त्रास होणारच नाही असं."

"आत्ता तुमच्या यादीत सगळ्यात खात्रीचं काय?"

"दहीभात," क्षणात उत्तर.

"दहीभातानंतर कधीच त्रास झाला नाही?"

त्यांनी वही उघडली, मागे गेल्या, पुढे आल्या. "झालाय की. हा बघा. आणि हा."

"मग दहीभात पास कसा झाला?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. (नव्या समुपदेशकांना मी नेहमी सांगते, अशा वेळी पाणी प्यायलासुद्धा उठू नका.) मग त्या हसल्या, आणि हसताहसताच डोळे पुसत म्हणाल्या, "त्याला नापास केलं तर उरणार काय, मॅडम?"

इतकी वर्षं हे काम करतेय, पण आयबीएसच्या आहाराबद्दल इतकं नेमकं मी कुणाकडून ऐकलेलं नाही. दहीभात गुणांवर पास झालाच नव्हता. मग बाकीचेही निव्वळ गुणांवर नापास झालेले नव्हते. कुठल्याही वाईट दिवसाच्या आधी काही ना काही खाल्लेलं असतंच, आणि त्या दिवसाचं खापर त्याच्यावर फुटतं. अशी परीक्षा घेत राहिलं की कितीही मोठं ताट शेवटी वाटीभर भातावर येतं. वाढत जाते ती भीती, आणि तिचा परिणाम आतड्यावर होतोच.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं जाणारी. 1955च्या सुमारास त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मला आजही पुरते. बरं वाटावं अशी इच्छा असणं योग्यच. पण 'माझं पोट कधीच बिघडता कामा नये, बिघडलं तर ते मला सहन होणार नाही' ही मागणी झाली. शंभर टक्के हमी कुठलाच पदार्थ देत नाही, निरोगी माणसालाही देत नाही. बाईंशी मी याच दिशेनं बोलत गेले. "समजा, वर्ग चालू असताना कळ आली. पुढे?"

"मुलांसमोर उठून जायचं?"

"गेलात तर?"

"शेजारच्या वर्गावरच्या बाईंना सांगावं लागेल लक्ष ठेवायला."

"आणि त्या काय म्हणतील?"

हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्या आठवड्यात विचारलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अगं, जा की! मला मायग्रेन आहे, मी तुला सांगितलं का कधी?" मुख्याध्यापिकांनी मधल्या सुट्टीनंतरचा तास बदलून दिला. आहारात तिळाएवढाही बदल न करता त्या पंधरवड्यात त्यांचे दोन-तीन दिवस बरे गेले. मला याचा थोडा अभिमान आहे, लपवत नाही.

पण निव्वळ विचार बदलून लसूण पचत नाही. म्हणून त्यांना मी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथून आलेलं आणि इतकी वर्षं अशा लोकांबरोबर बसून मला कळलेलं, असं दोन्ही मिसळून सांगते.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात फॉडमॅप नावाची आहारपद्धत तयार झाली. काही प्रकारची कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांचा गॅस करतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, आंबा, सफरचंद, कलिंगड, फ्लॉवर ही त्यातली नेहमीची मंडळी. अनेकांना या पद्धतीनं आराम पडतो. मात्र लोक तिची पहिली पायरीच तेवढी ऐकतात. पदार्थ बंद ठेवायचे ते 2 ते 6 आठवडे. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा, आधी थोडा, मग जास्त, आणि शेवटी आपल्याला किती सोसतं त्यानुसार ताट भरायचं. पहिल्याच पायरीवर वर्षानुवर्षं बसून राहणं म्हणजे पथ्य नाही, कुपोषण आहे. बाईंसारख्या आधीच कमी खाणाऱ्या माणसाला तर ती पायरीही डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय नको. बाईंच्या आहारतज्ज्ञांनी त्यांच्यापुरती ती वगळलीच. बाईंचं सगळं आधीच बंद होतं, त्यांना परत आणण्यापासूनच सुरुवात करायची होती.

मराठी स्वयंपाकघराला यात अवघड काही नाही. ज्वारीची भाकरी बहुतेकांना सोसते, भातही. भेंडी, गाजर, काकडी, फरसबी, वाटीभर दुधी चालतो. फळांत संत्रं, पपई, अननस. दुधानं त्रास होणाऱ्या अनेकांना दही चालतं, कारण विरजताना दुधातली साखर कमी होते. लसणाचं तर मला फार आवडतं. त्यातला त्रासदायक भाग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून आमटीत शिजवलेला लसूण मागून काढला तरी उपयोग नाही. पण पाकळ्या तेलात परतून, पाणी घालायच्या आधी काढून टाकल्या की फोडणीला वास राहतो आणि पोटही तक्रार करत नाही. पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात वापरता येते. हिंग चिमूटभर चालतो. कडधान्यं भिजवून ते पाणी ओतून, नव्या पाण्यात शिजवायची आणि वाटीऐवजी दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करायची.

'फायबर वाढवा' हा सल्ला ऐकून लोक गव्हाचा कोंडा खायला लागतात आणि आणखी फुगतात. इसबगोलासारखा पाण्यात फुलणारा तंतू बऱ्याच जणांना मानवतो. थोड्यापासून आणि भरपूर पाण्याबरोबर. चहा-कॉफी मिळून दिवसाला 3 कपांपर्यंत, ताजी फळं 3 वेळा, एका वेळी साधारण 80 ग्रॅम, असं ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बाई रिकाम्या पोटी दोन कप घेऊन निघत, शाळेत पुन्हा दोन, आणि पहिलं धड जेवण दुपारी घरी आल्यावर, पोटभर. आधी ते सुधारलं: निघण्यापूर्वी थोडं खाणं, मधल्या सुट्टीत भाकरी-भाजीचा डबा. जेवणाच्या वेळा सांभाळणं कुणालाच आकर्षक वाटत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी केलं जातं.

आणि मिसळ. पुण्यात हा विषय टाळता येत नाही. मिसळ नापास झाली, म्हणजे नेमकं कोण? मटकी, वरचा कच्चा कांदा, फरसाण, तर्रीतलं तेल, तिखट, की गव्हाचा पाव? सहा जण एकाच बाकावर बसवून कॉपी कोणी केली ते कसं कळणार? एका वेळी एकच पदार्थ, शक्यतो सुट्टीच्या दिवशी, आणि लागोपाठ दोन-तीन दिवस. बाईंना अशा पद्धतीनं कळलं की बटाटा आणि शेंगदाणे निर्दोष होते. एक पोळी चालते, तीन नाही. कच्चा कांदा खरोखरच नाही चालत. लाल शाईची वही बंद झाली; नवी पेन्सिलीची.

गहू कायमचा सोडायच्या आधी एक करा. डॉक्टरांना सांगून सीलिअॅक आजाराची (यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होते) रक्ततपासणी करून घ्या, आणि तीही गहू खात असतानाच. सोडून झाल्यावर केली तर ती फसवू शकते. शौचातून रक्त, कारणाशिवाय वजन उतरणं, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यातलं काही असेल तर माझ्याकडे नको, आधी डॉक्टरांकडे.

घरच्यांसाठीही एक. बाईंच्या सासूबाई त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघायच्या. मायेनंच. "हे चालेल ना गं तुला?" दिवसातून दहादा. त्यांना एकदा बोलावलं. म्हटलं, आई, तुम्ही विचारू नका, नुसतं वाढा. नको असेल तर ती सांगेल. त्या जरा रागावल्या, मग म्हणाल्या, "मग ती लसणाची फोडणी मलाच शिकवा." शिकवायला बाईच होत्या घरात.

शाळेची सिंहगडाची सहल बाई दरवर्षी टाळायच्या. यंदा गेल्या. गडावर पिठलं-भाकरी घेतली, पिठलं थोडंच, मडक्यातलं दही मात्र पूर्ण. कांदाभजी मुलांना दिली. परतीच्या बसमध्ये पोट गुरगुरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोनदा जावं लागलं. मला हे सांगताना त्यांचा सूर कुठल्याही मंगळवारचं हजेरीपत्रक वाचावं तसा होता.

"मग पिठलं?" मी विचारलं.

"फेरपरीक्षा," त्या म्हणाल्या. "घरी, रविवारी."